बंद पडलेल्या इंजिनाची किंमत

डिझेल मेकॅनिकला पैसे त्याच्या हातातल्या कसबाचे मिळतात असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. एक साधं काम घ्या. नोझल चोंदलंय, इंजिन काळा धूर सोडतंय. नोझल काढायचं, तपासायचं, साफ करून नाहीतर बदलून परत बसवायचं. शेतातल्या पाण्याच्या इंजिनावर हे काम केलं तर मिस्त्रीला चहा लगेच मिळतो आणि पैसे कापूस विकल्यावर. कळंबोलीत माल भरून उभ्या राहिलेल्या ट्रकवर केलं तर घासाघीस होते, पण पैसे हातात पडतात. एसटीच्या आगारात केलं तर त्या नोझलचा वेगळा हिशोब नाही, पगार एक तारखेच्या भरवशावर. ऐरोलीच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये केलं तर मिस्त्रीच्या मागे कंपनीचा वार्षिक करार असतो. आणि हेच काम जहाजाच्या पोटात केलं तर पगार डॉलरमध्ये मोजला जातो. नोझल लहानमोठं असेल, काम तेच. प्रत्येक ठिकाणी फरक पडतो तो एका गोष्टीचा: ते इंजिन बंद राहिलं तर दर तासाला कुणाचं किती नुकसान होतं.

डिझेलच्या कामातल्या वेगवेगळ्या वाटा एकमेकींशेजारी ठेवून पाहायच्या असतील तर मला हाच गज वापरावासा वाटतो. पुढच्या प्रकरणांत गॅरेज, एसटी, रेल्वे, जनरेटर, माती उकरणारी यंत्रं, मासेमारीच्या नौका, जहाज आणि आखात अशा एकेका वाटेची माहिती स्वतंत्रपणे आली आहे. प्रस्तावनेत ती पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. वाटा निवडताना लोक कशाकडे बघतात आणि कशाकडे बघायचं राहून जातं, एवढंच इथे मांडतो.

आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली. प्रवेशाच्या दिवशी वडील विचारतात, ‘सर, नोकरी लागेल ना?’ मुलगा शेजारी गप्प उभा असतो. सहा महिने गेले की तोच मुलगा तास संपल्यावर मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो, ‘सर, गॅरेज टाकायला किती लागतात?’ बापाच्या डोक्यात पगार आणि मुलाच्या डोक्यात पाटी. कुणाची इंजिनं दुरुस्त करायची, हा प्रश्न दोघांपैकी कुणीच विचारत नाही. मेकॅनिकचं झोपणं-उठणं, सण, लग्नाची तारीख, कंबरदुखी, उधारी, सगळं मात्र त्याच उत्तरावर ठरतं.

ट्रेड एका वर्षाचा, दहावी पास मुलांसाठी. शेजारच्या शेडमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड असतो, तो दोन वर्षांचा. आमच्याकडे पहिले काही आठवडे मुलं कानस आणि हॅकसॉ घेऊन लोखंडाचा तुकडा काटकोनात आणत बसतात आणि कंटाळतात. मग व्हर्नियर, मायक्रोमीटर, फिलर गेज. मग इंजिन उतरवणं, उघडणं, लायनर-पिस्टन मोजणं, पुन्हा बांधणं. वर्ष संपलं की १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप. ती देणाऱ्या कंपनीवर पुढे कामावर घेण्याचं बंधन नसतं, हे बऱ्याच घरांत अप्रेंटिसशिप संपण्याच्या महिन्यातच कळतं. दुसऱ्या बाजूला गॅरेजमध्ये वस्तादाच्या हाताखाली तयार झालेला मुलगा. त्याच्याकडे कागद नाही, पण धुराचा रंग आणि सेल्फचा आवाज यांवरून तो निम्मं निदान करतो. पूर्वी अशी मुलं बारा-तेराव्या वर्षीच पोऱ्या म्हणून लागायची. आता चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही आणि ते बरंच झालं. त्या पोऱ्याच्या वयाचं कौतुक करणाऱ्या पुष्कळ गोष्टी मी ऐकल्या आहेत; त्या सांगणारे त्या वयात शाळेत होते.

कागद आणि कान यांचं भांडण जुनं आहे. माझं मत विचाराल तर आज कागद नसलेल्याला पाच वाटा बंद आहेत आणि कान नसलेल्याला एकच, गॅरेजची. पण ती एक वाट बाकीच्या पाचांपेक्षा रुंद आहे.

गॅरेजपासूनच सुरुवात करू, कारण या धंद्याचं पाणी तिथेच मुरतं. रात्री घाटाच्या पायथ्याहून फोन येतो, ‘मिस्त्री, गाडी उभी राहिलीय.’ ड्रायव्हरनं टाकी तळाला जाईपर्यंत गाडी ओढलेली असते, लाइनमध्ये हवा शिरलेली असते. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी असते, डिझेलला नाही. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून पाचशे अंशांच्या पुढे तापवायची आणि नेमक्या क्षणी तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा, म्हणजे ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली ऑग्सबर्गला नीट चालवून दाखवलं ते हेच. आता त्या नळीत डिझेलऐवजी हवा असली तर पंपाचा दाब हवा दाबण्यातच जिरतो आणि नोझल उघडतच नाही. मिस्त्री फिल्टरवरचा स्क्रू सैल करतो आणि हँडपंप मारायला लागतो. आधी फेस येतो. मग फेस आणि डिझेल मिसळून थुंकल्यासारखं येतं. मग अखंड धार लागली की स्क्रू आवळायचा, पंप चालू ठेवूनच. त्यानंतर नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करायचे आणि ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगायचा. एकेका नटातून डिझेल उडालं की तो नट आवळायचा. इंजिन आधी दोन सिलिंडरवर लंगडत उठतं, मग तिसरं धरतं, मग सगळी. इतकं झाल्यावर मिस्त्री हात पुसतो आणि आकडा सांगतो. या आकड्यात नटाची किंमत शून्य आहे. अंधाराची, घाटाची आणि सकाळी सातला गोदामात पोचायच्या मालाची किंमत आहे.

तासाचं नुकसान ट्रकवाल्याचं असतं आणि तो रोख मोजतो, म्हणून गॅरेजवाल्याचं चालतं. पण तोच ट्रकवाला ओळखीचा झाला की उधारी सुरू होते. वहीत पैसे असतात आणि गल्ल्यात नसतात. चांगले मिस्त्री कामात कधी बुडालेले मी पाहिले नाहीत. बुडाले ते वहीत बुडाले.

गॅरेजच्या आतही फाटे आहेत आणि ते बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत. बोअरिंगवाला वेगळा, क्रँक ग्राइंड करणारा वेगळा, आणि पंप-नोझलवाला तर वेगळ्याच जातीचा. गावाकडे अजून त्याला ‘माईकोवाला’ म्हणतात, कारण बॉशच्या इथल्या कंपनीचं जुनं नाव माईको होतं आणि तिच्या नाशिकच्या कारखान्यातली नोझलं घरोघर पोचली होती. या माणसाचं दुकान स्वच्छ असतं, दार लावलेलं असतं, धूळ आत आलेली त्याला चालत नाही. टेस्ट बेंचवर पंप चढवून तो प्रत्येक लाइनीतून काचेच्या नळीत किती डिझेल पडतं ते बघतो. एका नळीत कमी, दुसरीत जास्त पडलं तर इंजिन कधीच एकसारखं चालणार नाही. नोझल कुठल्या दाबाला उघडतं ते पातळ पातळ शिमा घालून बसवतो, जुन्या इंजिनात तो दाब दोनशे बारच्या आसपास. शिकाऊ मुलाला इथे पहिल्या दिवशी एकच दटावणी असते: फवाऱ्याखाली बोट धरायचं नाही. फवारा चामडी फोडून आत जातो. वरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतून बोट सडायला लागतं. गॅरेजमधल्या सगळ्या फाट्यांमध्ये पाठीला सर्वांत सोपा आणि डोळ्याला सर्वांत अवघड असा हा फाटा.

याच फाट्यावर २०२० साली घाव बसला. त्या वर्षी १ एप्रिलपासून नव्या गाड्यांना बीएस सहा हे उत्सर्जनाचे नियम लागू झाले. नळीतला दाब सोळाशे, दोन हजार बारवर गेला. नोझल कधी आणि किती वेळ उघडायचं हे आता पंपातला कॅम ठरवत नाही, ईसीयू, म्हणजे गाडीतला संगणक ठरवतो, तोही एका स्ट्रोकमध्ये अनेकदा. सायलेन्सरच्या जागी काजळी पकडणारा फिल्टर आणि युरियाची टाकी आली. अशा गाडीवर नट सैल करून सेल्फ मारायची जुनी रीत वापरली तर रुग्णालयात जायची वेळ येते. निदान स्कॅनरवर होतं, आणि पुरा स्कॅनर कंपनीच्या हातात असतो. बाजारात मिळणारे स्कॅनर कोड वाचतात, पण काही कामांना कंपनीचं लॉगिनच लागतं.

म्हणून डीलरच्या वर्कशॉपची वाट गेल्या काही वर्षांत पसरत चालली आहे. तिथे जॉब कार्ड असतं, गणवेश असतो, पुण्याला नाहीतर चेन्नईला नेऊन दिलेलं ट्रेनिंग असतं. मोठ्या वाहतूकदारांशी कंपन्या आता गाडी किती वेळ रस्त्यावर राहील याचेच करार करतात. म्हणजे बंद गाडीचं नुकसान मालकाच्या खिशातून निघून कंपनीच्या खिशात आलं. मेकॅनिकवरचा ताण त्यामुळे वाढला. पगार त्या प्रमाणात वाढला असं म्हणवत नाही. शिकायला मात्र आज याच्याइतकी चांगली जागा नाही. माझा सल्ला विचारणाऱ्या मुलांना मी सांगतो: तिथे काही वर्षं राहा, बीएस सहा हातात घे, मग पाटीचं बघ. आधी पाटी टाकणारा उद्याच्या गाडीपुढे हात बांधून उभा राहील.

एसटी हा वडिलांच्या प्रश्नाला मिळणारा जुना जबाब. १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून एसटीच्या कार्यशाळांनी महाराष्ट्राला जितके मिस्त्री दिले तितके दुसऱ्या कुणी दिले नसतील. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळचं हिंगणा इथे मध्यवर्ती कार्यशाळा. तिथे बसच्या बॉड्यासुद्धा बांधल्या गेल्या. खाली विभागीय कार्यशाळा, त्याखाली आगारं. आगारातलं काम रात्रीचं. गाड्या मुक्कामाला येतात, सकाळच्या पहिल्या फेरीआधी त्यांचं बघायचं. ठरावीक किलोमीटर झाले की डॉकिंग, म्हणजे गाडीची नेमून दिलेली तपासणी. आणि सगळ्यांच्या डोक्यावर केपीटीएल, म्हणजे दहा लिटरमागे किती किलोमीटर, हा आकडा. ट्रकच्या गॅरेजमध्ये इंजिन चाललं की काम संपतं. आगारात ते किती डिझेल पितं याचाही जाब द्यावा लागतो. एसटीत तयार झालेल्या माणसाला मी डोळे झाकून कामावर घ्यायला सांगतो ते या सवयीमुळे. सुट्या भागांची वाट बघत बसण्याची दुसरी सवयही तिथेच लागते, हेही सांगून टाकतो.

वडील मंडळी याला सरकारी नोकरी म्हणतात. ती महामंडळाची नोकरी आहे, आणि हा फरक किती महाग पडतो ते २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढच्या एप्रिलपर्यंत लांबलेल्या संपानं दाखवलं. राज्य शासनात विलीनीकरण ही त्या संपाची मागणीच होती. त्याहून शांतपणे आलेला बदल म्हणजे भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक गाड्या. १ जून २०२२ ला पुणे–नगर मार्गावर ‘शिवाई’ धावली, तेव्हा टाळ्या वाजल्या आणि त्या वाजायलाही हव्या होत्या. पण भाड्याच्या गाडीची देखभाल पुरवठादार कंपनीकडे असते. गाडी एसटीची दिसते, मिस्त्री एसटीचा नसतो. एसटीत जाऊ पाहणाऱ्या मुलानं वेतनश्रेणीच्या आधी हे बघावं.

रेल्वेचंही तसंच आहे, फक्त अधिक वेगानं. पुणे, कल्याणच्या डिझेल शेड, सोळा सिलिंडरची अल्को इंजिनं, एका पिस्टनला दोन माणसं. त्या कामाचा दरारा वेगळा होता. आता ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळजवळ पुरं झालं आहे, कोकण रेल्वेसुद्धा २०२२ मध्ये विजेवर आली, आणि देशातल्या अनेक डिझेल शेड विजेची इंजिनं सांभाळू लागल्या आहेत. गंमत अशी, की मेकॅनिक डिझेलचं प्रमाणपत्र असिस्टंट लोको पायलटच्या भरतीला चालतं. इंजिन दुरुस्त करायला निघालेला मुलगा इंजिन चालवायला बसतो, तेही विजेचं. लष्करात ईएमई ही दुरुस्तीची शाखा आहे, खडकीला मोठी बेस वर्कशॉप आहे. त्याबद्दल पुढे पुरेसं आलं आहे.

जनरेटरकडे मात्र थोडं थांबायला हवं. ही वाट मुलांना आवडत नाही. गाडी नाही, रस्ता नाही, तळघरात नाहीतर गच्चीवर एक पिवळा किंवा हिरवा डबा आणि त्यात कधीतरीच चालणारं इंजिन. पण कधीतरीच चालणं हाच त्या कामाचा कस आहे. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली तर काही सेकंदांत जनरेटरनं लोड घेतला पाहिजे. वर्षभर बंद असलेलं इंजिन त्या क्षणी उठेल, हे सिद्ध करत राहणं म्हणजे डीजी, म्हणजेच डिझेल जनरेटरच्या मेकॅनिकचं काम. डीजी बहुतेक वेळा दगा देतो तो इंजिनामुळे नाही, बॅटरीमुळे. टाकीत पडून राहिलेल्या डिझेलमध्ये पाणी साचतं. काही सोसायट्यांत दर आठवड्याला बिनलोड चालवून ‘सगळं ठीक’ अशी नोंद करतात. बिनलोड चालवलेल्या इंजिनात डिझेल नीट जळत नाही, एक्झॉस्टमधून काळं तेल गळायला लागतं आणि ते ठीक नसतं. बी चेक या ठरावीक देखभालीच्या नावाखाली नुसतं तेल आणि फिल्टर बदलून बिल लावणारे पुष्कळ आहेत. लोड देऊन तपासणारे थोडे, आणि त्यांना काम शोधावं लागत नाही.

शिवाय इथे इंजिनाबरोबर पॅनल शिकावं लागतं. वीज गेली हे ओळखून डीजी चालू करणारं एएमएफ पॅनल, ब्रेकर, दोन सेट एकमेकांशी जुळवून चालवणं. २०२३-२४ मध्ये जनरेटरनाही उत्सर्जनाचे कडक नियम लागले, तेव्हा ईसीयू इथेही आला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून आणि कमिन्स १९६२ पासून पुण्यात असल्यामुळे या वाटेचं शिक्षण, सुटे भाग आणि जुनी जाणती माणसं महाराष्ट्रात जितकी सापडतात तितकी दुसरीकडे नाहीत. जनरेटरचे मालक ते बंद पडण्याला सर्वांत जास्त भितात, आणि मेकॅनिकला तिथे हात सर्वांत कमी काळे करावे लागतात. तरी मुलं नाक मुरडतात.

जेसीबी आणि पोकलेन यांच्याकडे मुलं आपोआप ओढली जातात. त्यात रुबाब आहे हे खरं. धंद्याच्या दृष्टीनं त्यात आणखी एक गोष्ट आहे: ही यंत्रं तासावर भाड्यानं जातात, यंत्रावर अवर मीटर असतो, म्हणजे बंद पडलेल्या तासाचं नुकसान मालकाला रुपयांत, समोर, आकड्यांत दिसतं. त्याला मिस्त्रीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. मात्र इंजिन हा त्या यंत्राचा अर्धाच भाग, उरलेला हायड्रॉलिक. ज्याला हायड्रॉलिक येत नाही तो तिथे हेल्परच राहतो. गळीत हंगामातले ट्रॅक्टर आणि ऊसतोडणी यंत्रं याच कुळातली. ऊस तोडल्यावर वाळतो, वजन घटतं, कारखान्याच्या यार्डात नंबर जातो. त्यामुळे चार-पाच महिने मिस्त्रीला जेवायला फुरसत नाही आणि पावसाळ्यात त्याला कुणी ओळखत नाही.

समुद्रावर हंगाम उलटा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात, आणि मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे अशा बंदरांवर इंजिनं याच दिवसांत उघडली जातात. ट्रकचंच इंजिन मरीन करून बसवलेलं अनेक नौकांत दिसतं, तेव्हा जमिनीवरच्या मिस्त्रीला वाटतं की आपलंच काम आहे. खाऱ्या पाण्याचं काम वेगळं. थंड करायला पाणी समुद्राचं, हीट एक्स्चेंजरच्या नळ्या क्षारानं बुजतात, झिंकचे तुकडे वेळेवर बदलले नाहीत तर गंज महत्त्वाचे भाग खातो. पन्नास वाव पाण्यात इंजिन थांबलं तर तिथे टोइंगची गाडी येत नाही. तांडेल मिस्त्रीची निवड करताना पैशाकडे बघत नाही, गेल्या हंगामाकडे बघतो. पैसे मात्र बरेचदा मासळीच्या हिशोबानंतर.

गोव्यातल्या बार्जची गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगत आलो आहे. मांडवी आणि जुवारीतून खनिज वाहणाऱ्या बार्ज, सावर्डे-कुडचड्याकडचे हजारो टिपर. तिथल्या मिस्त्रीला रात्र-दिवस काम होतं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. एका दिवसात सगळी इंजिनं बंद पडली आणि त्यामुळे कुणाचंही तासाचं नुकसान होईना, कारण चालवून न्यायचं काहीच नव्हतं. मिस्त्रींचं कसब होतं तेवढंच होतं. एकाच मालावर उभ्या असलेल्या वाटेवर चालताना हे लक्षात असू द्यावं. उद्या ते खनिज असेल, परवा वाळू असेल.

मोठ्या जहाजाची वाट याहून पार निराळी. तिथे इंजिन तीन मजली इमारतीएवढं असू शकतं आणि मिनिटाला शंभरएक फेरेच घेतं. आयटीआयच्या मुलाला बहुधा जीपी रेटिंगचा प्री-सी कोर्स करून, सीडीसी हा खलाशाचा सरकारी दाखला काढून खालून चढावं लागतं: वायपर, मग मोटरमन, हात असेल तर फिटर. इंजिनिअर अधिकारी व्हायला परीक्षा वेगळ्या आणि शिक्षणही वेगळं. वेतन चांगलं, घर महिनोन्‌महिने दूर. फसवणूक इथे जितकी आहे तितकी दुसऱ्या कुठल्याच वाटेवर नाही. नवी मुंबईतल्या सीबीडीच्या एखाद्या खोलीत बसलेला एजंट लाखो रुपये घेतो आणि जहाज कधी येतच नाही. भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतं. मी हे वर्गात दरवर्षी सांगायचो आणि दरवर्षी कुणीतरी पैसे भरून आल्यावर विचारायचं.

आखातात जाणाऱ्यांनाही तेच. नोंदणीकृत एजंटानं घ्यायच्या शुल्कावर तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी अशी मर्यादा आहे. प्रत्यक्षात किती घेतात ते रत्नागिरी आणि रायगडच्या घरांत विचारा. यात एक आडवळण आहे. दहावी झालेल्याच्या पासपोर्टला परदेशगमनाची सरकारी मंजुरी लागत नाही. आपला डिझेल मेकॅनिक दहावी पास, म्हणून त्याच्या कराराला ती एक सरकारी नजरही लाभत नाही. करार त्यानंच वाचायचा, इंग्रजीत नाहीतर अरबीत. ट्रेड टेस्टला मुलं घाबरतात; घाबरायचं असेल तर करारातल्या ओव्हरटाइमच्या कलमाला घाबरावं. पैसा मिळतो, घर बांधून होतं, हेही तितकंच खरं. परतल्यावर मात्र एक अडचण येते. तिकडे सुटे भाग बदलायची सवय लागते, दुरुस्त करायची जाते. इकडच्या गिऱ्हाइकाला नवा पंप परवडत नसतो.

हे सगळं वीस वर्षांनी असेल का? शहरातल्या बस डिझेलवर राहणार नाहीत, छोट्या गाड्या तर आताच नाहीत. मारुतीनं २०२० मध्येच डिझेल सोडलं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहनांचा ट्रेड आला आहे. लांबचा अवजड माल, उकरणारी यंत्रं, जहाज आणि राखीव वीज इथे डिझेल टिकेल असं माझं मत आहे. आधीच्या पानांवर बंद इंजिनाचं नुकसान सर्वांत जास्त कुठे, हे बघत आलो. डिझेल शेवटपर्यंत टिकणार तेही बव्हंशी तिथेच. त्याचं कारण सोपं आहे. ज्याला एक तास थांबणं परवडत नाही, तो नव्याची परीक्षा स्वतःच्या धंद्यावर घेत नाही.

पुस्तकात दोन गोष्टी मुद्दाम ठेवल्या आहेत आणि एक मुद्दाम टाळली आहे. शरीराची किंमत ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २०१२ साली डिझेलचा धूर निश्चित कर्करोगकारक ठरवला, तरी बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून टॅपेट लावणारे मिस्त्री अजून आहेत, आणि जळक्या तेलात उघडे हात घालणारे तर सगळेच. ट्रेडमध्ये येणाऱ्या थोड्या मुलींबद्दलही प्रत्येक वाटेवर लिहिलं आहे. गॅरेजमध्ये त्यांना जागा जवळजवळ नाही. पंप-नोझल, जनरेटर आणि डीलरचं निदानाचं काम इथे दार किलकिलं आहे. शौचालय कुठे आहे, या प्रश्नाचं उत्तरही त्या प्रकरणांत दिलं आहे, कारण नोकरी सोडण्याचं पहिलं कारण बरेचदा तेच असतं. टाळले आहेत ते पगाराचे आकडे. छापून होईपर्यंत ते शिळे होतात आणि एजंट लोक असे आकडे फ्लेक्सवर छापतात.

प्रकरणं कुठल्याही क्रमानं वाचता येतील. सगळे आधी जहाज उघडतील याची मला खात्री आहे. निदान जनरेटरचं प्रकरण त्याच्या लगेच नंतर वाचावं. घरापासून मोटरसायकलवर जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं काम बहुतेकांना तिथेच सापडेल.